तू मागे उभा असलेले चार सिनेमे

प्रिय ऋत्विक,

गेल्या चार-पाच महिन्यांत मी थिएटरात जाऊन चार सिनेमे पाहिले. त्याआधीच्या वीस वर्षांत मिळून चार पाहिले नसतील. तेव्हा आता आईला सिनेमातलं कळायला लागलंय असं धरून चाल, आणि जे कळलंय ते सगळं तुला ऐकून घ्यायचंय. फोनवर मी जरा आवाज चढवला की तुझ्या बोटीवरचं वायफाय जातं. कागदाला तशी सोय नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा पडवीत बॅग भरतायत. मी स्वयंपाकघरात आहे, गॅसवर कुळथाची पिठी रटरटतेय. बॅगेचं आणि पिठीचं नंतर सांगते, आधी सिनेमे.

पहिला गणपतीच्या आधी पाहिला. शेजारची मृणाली, ती नवीन सून, तिने आम्हा बचत गटातल्या बायकांना गोळा केलं आणि पावसहून दुपारच्या एसटीने रत्नागिरीला नेलं. हिंदी सिनेमा. हिरो एकटा चाळीस जणांना लोळवतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. आवाज एवढा, की माझी दाढ ठणकायला लागली. हिरोइन डॉक्टर आहे म्हणे. सबंध सिनेमात तिने एकाच माणसाची नाडी बघितली, ती पण हिरोची. बाप पहिल्या पाच मिनिटांत मरतो, पुढचे अडीच तास पोरगा त्याचा बदला घेतो, आणि एवढ्या वेळात एकदाही त्याला बापाची एखादी साधी गोष्ट आठवत नाही. मृणालीला फार आवडला. मला इंटरव्हलपर्यंत डुलकी लागत होती.

इंटरव्हलनंतर लग्नाचा सीन आला. हिरोइनचा काका लांबलचक भाषण देत होता आणि त्याच्या खांद्यामागे एक वेटर सरबताचा ट्रे घेऊन उभा होता. फेटा, पांढरे हातमोजे. त्याने ट्रे डाव्या हातावर तोलला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने भुवई खाजवली. त्या भुवईत मधोमध केस नाहीत. का नाहीत ते मला विचार. सातवीत असताना फणसावरून पडलास, डॉक्टरांनी तीन टाके घातले, तेव्हा तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी खुर्चीतून अर्धी उठले. तेवढ्यात कॅमेरा काकाच्या मिशीवर गेला आणि तू संपलास.

घरी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत केवायसी करायची आहे असं बाबांना सांगून एकटी गेले आणि तोच सिनेमा पुन्हा पाहिला. तूच होतास. मग मनाची समजूत घातली. या दुसऱ्या फेरीला बोटीवर जायच्या आधी सहा महिने तू मुंबईत कोर्ससाठी राहिला होतास, तेव्हा मित्रांबरोबर गंमत म्हणून गेला असशील. सिनेमा आज लागला तरी शूटिंग वर्षापूर्वीचं असू शकतं, असं मृणाली म्हणाली. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. आता तर पोरगा बोटीवर आहे, मग जुन्या गोष्टीवरून कशाला त्याला बोलायचं, असं म्हणून गप्प बसले.

गप्प बसायला घरात कारणही होतं. तुला माहीतच नसेल, तू गेल्यापासून बाबा सकाळी चहाच्या आधी मोबाईल उघडतात. त्यात बोटी कुठे आहेत ते दाखवणारं ॲप आहे. निळ्या समुद्रावर एक हिरवा ठिपका, खाली तू सांगितलेलं बोटीचं नाव, ‘ओशन तारा’. मग मला हाक मारतात, “अगो, बोटीनं कोलंबो सोडलान बघ.” तिथे आता वारा कुठला, लाटा केवढ्या, हे मला चहा होईपर्यंत ऐकावं लागतं. “पोरानं स्वेटर घातलान का नाय कुणास ठाऊक,” हे रोज शेवटचं. अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सारंग म्हणून रिटायर झालेला. तो माणूस आठ महिने एका ठिपक्याला जपत होता, ऋत्विक. आणि तू कुठे होतास? काकाच्या खांद्यामागे.

दुसरा सिनेमा दिवाळीतला. मराठी, आपल्या कोकणावरचा. कोकणावरचा म्हणजे भुताचा, हे तुला सांगायला नको. या सिनेमावाल्यांना आपल्याकडे भूत सोडून दुसरं काही राहतं हे ठाऊकच नाही. गावाच्या पाटीवर जिल्हा रत्नागिरी लिहिलंय आणि झाडून सगळे ‘माका-तुका’ बोलतायत. अरे, ते खाली सिंधुदुर्गात. आपल्याकडे कोण बोलतो तसं? गणपतीचे दिवस दाखवलेत आणि अंगणातल्या कलमाला पिकलेले हापूस लगडलेत. थिएटरात सगळे बागायतदार बसलेले, खो खो हसले. हिरोइन मासे विकते. नखांना लाल रंग, आणि सुरमई शेपटीला धरून रुमालासारखी हलवते. गिऱ्हाईक त्या सुरमईला पापलेट म्हणतं, ही हो म्हणते. मला हसू आलं नाही, माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण तू बोटीवर गेलास त्या दिवशी मी देवीला बोलले होते, पोरगा सुखरूप घरी येईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. अक्षय्य तृतीयेपासून आजतागायत मी बाबांना बांगडे तळून वाढते आणि स्वतः पिठी-भात खाते. ऑगस्टात होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, दारात अंड्यांनी भरलेले गाबोळीचे मासे आले, मी दुसरीकडे तोंड करून ते साफ केले. आणि इथे ही बया सुरमई हलवतेय.

त्याच सिनेमात गाववाले मशाली घेऊन विहिरीवर जातात. आपल्या वाडीत वीज गेली तर माणसं मोबाईलची बॅटरी लावतात, मशाल कुणाच्या सात पिढ्यांनी पाहिली नाही. डावीकडून सातवी मशाल तुझी. धोतराचा काष्टा उलटा. भूत विहिरीतून वर येत होतं, बाकीचे डोळे वटारून बघत होते, आणि तू बाजूच्या पोराच्या कानात काहीतरी पुटपुटून हसलास. दिग्दर्शकाला दिसलं नाही ते. मला दिसलं. तसा हसताना मी तुला पहिल्या फेरीनंतर बघितलेलं नव्हतं.

तेव्हा आठवलं, आणि नको ते आठवलं. पहिल्या फेरीहून तू आलास तेव्हा नऊ महिन्यांत निम्मा झाला होतास. बाबा गावभर तुझ्या बोटीच्या गोष्टी सांगत फिरत होते, आणि तू माझ्या मागे स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणालास, “आई, माझ्याच्यान नाय व्हायचा ता.” मी नारळ खवत होते. हात न थांबवता म्हटलं, पहिल्या फेरीला सगळ्यांचंच असं होतं, तुझे बाबापण रडत आले होते, दुसऱ्या फेरीला सवय होईल. तू उठून गेलास आणि पुन्हा तो विषय काढला नाहीस. मी पण काढला नाही. बाबांपर्यंत तर तो पोचलाच नाही. हे मी माझ्याविरुद्ध लिहितेय, तुझ्या बाजूने नाही. एकदा बोललास, आईने ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा बोलायचं होतंस. तिसऱ्यांदा ओरडायचं होतंस. खवणी हातातून काढून घ्यायची होतीस.

तिसऱ्या सिनेमाला मी मुद्दाम गेले. आता मला पडद्यावर गर्दी असलेले सिनेमे लागायला लागले होते. हा स्मगलिंगचा, सगळा बोटीवर घडणारा. अरे, मी सारंगाची बायको, मला कुणाला फसवताय? बोट म्हणे भर समुद्रात वादळात आहे, पण डेक एकदाही हलला नाही. हिरोइनचे केस उडतायत आणि तिच्या मागचा झेंडा गप्प लोंबतोय. व्हिलनला हिरोने कठड्यावर आपटला तर कठडा वाकला आणि पुन्हा सरळ झाला. लोखंडाचा कठडा! तू पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये डावीकडून उजवीकडे धावलास. थोड्या वेळाने पुन्हा डावीकडून उजवीकडे धावलास. मधल्या वेळात परत कधी आलास, याचं उत्तर तुझ्या दिग्दर्शकाला विचार.

पण त्यावर मी चिडले नाही. मी बघत होते तो दोर. आषाढात तू या फेरीतला बोटीवरचा पहिला फोटो म्हणून पाठवला होतास ना, पांढरा युनिफॉर्म, हात कठड्यावर, पायाशी लोखंडी खुंटाला बांधलेला दोर? बाबांनी तो मोठा करून फ्रेम केला आणि टीव्हीच्या वर लावला. आणि पहिल्याच दिवशी त्यांना तो दोर खुपला. “खुंटाला दोर आठाच्या आकड्यात घालायचा आसतो. ह्यो वेणीला रिबीन बांधल्यासारखा कुणी बांधलान? ह्यांचा सारंग झोपलाय काय?” आठवडाभर त्या रिबिनीवरून त्यांनी माझं डोकं खाल्लं. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवायचे आणि हल्लीच्या पोरांना साधा दोर बांधता येत नाही म्हणून हळहळायचे. चूक त्यांना पहिल्या नजरेत दिसली, पण ती त्यांनी हल्लीच्या खलाशांच्या नावावर टाकली. स्वतःच्या मुलावर शंका घ्यायची त्यांना सुचलीच नाही. आणि थिएटरच्या त्या भल्यामोठ्या पडद्यावर तोच खुंट, तोच दोर, तीच रिबीन. तुझ्या बाबांनी अभिमानाने भिंतीवर टांगलेली बोट पुठ्ठ्याची होती.

एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. मला सगळे रविवार आठवत होते. आई, इथे लाटा फार आहेत. आई, आज डेकवर डॉल्फिन दिसले. बाबा स्पीकरवर कान लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. सिनेमात तुला एक शब्द बोलायला देत नाहीत आणि फोनवर तू केवढं मोठं काम करत होतास! तरी मी पुन्हा समजूत घातली. फोटो खोटा असेल, उशिरा चढला असेल, आता तरी बोटीवर असेल. आई म्हणून असं वेड्यासारखं वागावं लागतं.

मग ठिपका थांबला. आज बारावा दिवस. एडनच्या अलीकडे होता तो तिथून हललाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. बाबा म्हणाले, धोक्याच्या पाण्यात बोटी स्वतःच सिग्नल बंद करतात, काळजी नको. तिसऱ्या दिवशी तिकडे एका बोटीवर हल्ला झाल्याचं टीव्हीवर आलं. नाव सांगितलं नाही. तुझा रविवारचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. मी तळलेला बांगडा त्यांच्या ताटात तसाच राहायला लागला. कंपनीत फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, अशी माहिती फोनवर देत नाही, कागद घेऊन या.

चौथा सिनेमा मी गेल्या मंगळवारी पाहिला. घरात तो मोबाईलचा निळा समुद्र बघवेना म्हणून उठून गेले. ऐतिहासिक. मावळ्यांच्या दाढ्या चिकटवलेल्या दिसतात, तलवारी हलक्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर ढोल. हिरो मरताना दहा मिनिटं बोलतो, सगळे रडतात. त्याच्या आधी एक बाण कुठूनसा येतो आणि एका साध्या शिपायाच्या छातीत बसतो. तो गुडघ्यावर येतो, मग तोंडावर पडतो. भुवई चिखलात जाताना मला दिसली. त्याच्यावरून घोडा गेला. कुणी वळून बघितलं नाही. मी मोठ्याने किंचाळले. पुढच्या माणसाने मागे वळून मला शांत बसायला सांगितलं. मी त्याला काय सांगणार होते? माझा मुलगा नक्की कुठे मेलाय ते मला माहीत नाही, इथे की एडनला?

तिथून मी सरळ देवळात गेले. दुपारची वेळ, देवळात कुणी नव्हतं. आणि मी, तुझी आई, देवीसमोर पदर पसरून काय मागितलं माहीत आहे? माझा मुलगा खोटारडा निघू दे. बोटीवर चढलाच नसू दे. कुठल्या आईवर असलं मागणं मागायची पाळी येऊ नये. तुझ्यामुळे माझ्यावर आली.

काल नितेश बहिणीच्या साखरपुड्याला आला. तुझा शाळेपासूनचा मित्र, गोरेगावला नोकरी. त्याने मला बघून रस्ता बदलला, तेव्हाच मी ओळखलं. विहिरीजवळ गाठला आणि आईची शपथ घातली. त्याने सगळं सांगितलं. तुम्ही दोघं एका खोलीत राहता. दुसऱ्या फेरीच्या वेळी तू बोटीपर्यंत गेलास, शिडीखाली उभा राहिलास आणि बॅग उचलून परत आलास. आता दोन आठवडे कुठल्यातरी डोंगरात शूटिंगला होतास, रेंज नव्हती, कालच परतलास. मी विहिरीच्या कठड्यावर बसले. जिवंत आहे, एवढंच थोडा वेळ डोक्यात होतं. मग एवढा राग आला, की नितेश दोन पावलं मागे सरला. तो बिचारा तुझा नवीन नंबर द्यायला लागला, मी नको म्हटलं. तू फोनवर रडशील, मी विरघळेन, आणि आपण दोघं मिळून बाबांसाठी आणखी एक खोटं रचू. मला आपण दोघं चांगले माहीत आहोत.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. काल सांगायला धावत घरी आले, तर ते केस कापून, दाढी करून आले होते. गाडीचं तिकीट काढलं होतं. भिंतीवरचा फोटो फ्रेममधून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता, तुझ्या खलाशाच्या सरकारी ओळख-पुस्तकाच्या झेरॉक्सबरोबर. म्हणाले, “पोराला बोटीवर मी घातलाय. मीच उतरवून आणणार.” मी सांगितलं तर ते तिकीट फाडतील, तुझं नाव टाकतील, तू तिकडे, ते इकडे, आणि तुमच्यामध्ये जन्मभर निरोप वाहायला मी. पुन्हा नारळ खवत बसणं मला जमणार नाही. बाबांना सहा-सात तास या काळजीत प्रवास करू देणं हे पाप आहे. त्याचा जाब मी त्यांना स्वतः देईन.

आता कशासाठी लिहिलं ते ऐक. नितेश आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघतोय, उद्या सकाळी हे पत्र तुझ्या हातात पडेल. बाबांची गाडी उद्याच दुपारी चारच्या सुमारास दादरला येते, डबा एस-चार. तिथून ते थेट कंपनीच्या ऑफिसात जाणार आहेत आणि पुठ्ठ्याच्या बोटीचा फोटो टेबलावर ठेवून चार अनोळखी माणसांसमोर हात जोडून विचारणार आहेत, माझा मुलगा कुठे आहे म्हणून. ते होता कामा नये. तू प्लॅटफॉर्मवर पाहिजेस. बाबांची मान हल्ली खाली असते, ते इकडेतिकडे बघत नाहीत. तेव्हा सवयीप्रमाणे गर्दीत मागे उभा राहू नकोस. डब्याच्या दारासमोर, सगळ्यांच्या पुढे उभा राहा, पहिला माणूस त्यांना तूच दिसायला हवास. बोट नको होती तर नको म्हण, सिनेमा हवा असेल तर हवा म्हण, पण त्यांच्या डोळ्यांत बघून म्हण. काय बोलायचं ते मी लिहून देणार नाही. हात उगारतील तर उगारू दे, रडतील तर धर. पाच वाजेपर्यंत तुमचा दोघांचा फोन आला नाही, तर मी स्वतः त्यांना फोन करून सगळं सांगणार आहे, आणि मग तुझ्यासाठी मी एक शब्द बोलणार नाही. तू बोटीवर नव्हतासच तर मी आठ महिने कसला नवस पाळला, ते देवीलाच ठाऊक. पण मी बोलले होते ते पोरगा घरी येईपर्यंत, आणि पोरगा अजून घरी आलेला नाही. बाबांना घेऊन ये. येताना बाजारातून बांगडे आण, चांगले डोळे बघून आण.

तुझीच,
अजून पिठीवर असलेली,
आई